तिसरी वीट

सरांना रस्त्यात थांबवून कोणाला बोलता येत नसे. ज्याला बोलायचं असेल त्याने त्यांच्या बरोबरीने चालायचं, आणि तेही त्यांच्या वेगाने. बोलणारा स्कूटरवर असला तर त्याची फार पंचाईत व्हायची. पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत ठेवून, पाय जमिनीला टेकवत टेकवत तो मुलाच्या प्रवेशाचं बोलत राहायचा आणि सर समोर बघत "हं, हं" करत पुढे जायचे. घर ते कॉलेज अठराशे पावलं. एक पाऊल पाऊण मीटरचं, सेकंदाला दोन पावलं, म्हणजे तेराशे पन्नास मीटर पंधरा मिनिटांत. गेल्या कित्येक वर्षांत यात फरक पडलेला नाही, हे ते अकरावीच्या पहिल्याच तासाला सांगून टाकत.

नाशकात गंगापूर रोडवर सिग्नल बसला तेव्हा त्यांना तो फार लागला. मध्येच थांबणं म्हणजे एका उदाहरणाची दोन उदाहरणं होतात, असं त्यांचं म्हणणं. मग लाल दिवा लागला की ते कडेला उभे राहून जागच्या जागी पावलं टाकत. रिक्षावाले हसायचे, शाळेची पोरं नक्कल करायची. आमच्या वर्गातल्या एका आगाऊ मुलाने विचारलं होतं, "सर, ती पावलं मोजायची का?" सर म्हणाले, "वेळेत धरायची, अंतरात नाही." पुढे तो प्रश्न त्यांनी परीक्षेत घातला.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच कॉलेजात त्यांची सहकारी झाले. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी त्यांना मी दिली. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी नाही, मी. सेकंद मोजणारी त्यांची टाळी आणि अंतर मोजणारं त्यांचं पाऊल यांवर त्यांचा सगळा डोलारा उभा होता, आणि त्या दोन्हींत खोट आली आहे हे त्यांना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी सांगितलं. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता. आज विचाराल तर मला माझं ते वागणं आवडत नाही.

प्रवेशाच्या दिवशी माझे वडील बरोबर होते. येवल्याला आमच्या घरी माग आहे, वडील पैठणी विणायचे. सर प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. त्यांनी वडिलांना विचारलं, "येवल्याहून इथवर किती वेळ लागला?"

"यष्टी भेटली की लागतो तेवढाच," वडील म्हणाले.

"म्हणजे किती?"

"भेटली तर तेवढाच, सर."

सरांनी जरा दम घेतला. "बरं, एक पैठणी विणायला किती वेळ लागतो?"

"व्हईल तवा व्हती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. अर्जावर सही करताना ते पुटपुटले, "हिच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागेल." वडिलांना वाटलं, माणूस फार जिव्हाळ्याचा आहे. परत जाताना बसस्टँडवर त्यांनी मला तसं बोलूनही दाखवलं.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही मराठी शाळेतून आलेलो आणि सायन्स सगळं इंग्रजीत. पहिले आठ दिवस मला वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं. खोलीवर जाऊन रडायचं आणि परत यायचं, असा क्रम होता. सरांचा तास मात्र मराठीत असे. इंग्रजी शब्द ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत आणि म्हणत, "ही नावं आहेत. आधी माणसं ओळखा, नावं नंतर." विस्थापन, वेग, त्वरण अशी त्या माणसांशी आमची ओळख झाली.

ते अकरावीला एकच धडा शिकवत, सरळ रेषेतली गती. बाकीचे धडे इतरांकडे. हा एक धडा जूनमध्ये सुरू झाला की दिवाळीपर्यंत चाले. वार्षिक परीक्षेत त्याला मार्क अगदीच थोडे. स्टाफरूममध्ये त्यावर चेष्टा व्हायची, "सर अजून वाटेतच आहेत का?" सर म्हणत, "दोन मितींत जायची घाई कशाला? मागे की पुढे, एवढं तरी आधी कळू द्या." कुठल्याही उदाहरणाला त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "शून्य कुठे मांडलंस?" शून्य न सांगता आकडा सांगणाऱ्याला ते खाली बसवत. उणे उत्तर आलं म्हणून घाबरून खोडणाऱ्या मुलांवर त्यांचा विशेष लोभ होता. "अगं, उणे म्हणजे चूक नाही. तू उलट्या दिशेने चाललीस, इतकंच. चालत तर होतीस ना?" मी चाचणीत नापास झाले त्या दिवशी हे त्यांनी मला सांगितलं होतं. त्यानंतर मी खोलीवर जाऊन रडले नाही.

सरांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यांची टाळी हेच घड्याळ. दर वर्षी जूनमध्ये, नव्या वर्गासमोर, टाळीची चाचणी होई. सेकंदकाट्याचं घड्याळ असलेल्या मुलाला ते पुढे बोलवत, स्वतः त्याच्याकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करत आणि साठ टाळ्या वाजवत. घड्याळवाल्याने साठ सेकंद झाले की "झाले" म्हणायचं. आमच्या वर्षीचा मुलगा म्हणायचंच विसरला. शेवटची टाळी आणि काटा एकाच वेळी बारावर आले, आणि हा आ वासून उभा. आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला तर सर चिडले. "कौतुकाच्या टाळ्या अनियमित असतात. त्या नकोत."

ही टाळी ते रोज सकाळी तपासून घेत. बातम्यांच्या आधी रेडिओवर ठोके वाजतात, त्यांच्याबरोबर अंगणात उभं राहून टाळ्या. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे रोज आरती असते. प्रसाद मागायचे तेवढे बाकी आहेत."

टाळीचा खरा उपयोग प्रयोगशाळेत व्हायचा. तिथे बारा फुटांची सागवानी फळी होती, मधोमध गुळगुळीत खाच. एक टोक जमिनीवर, दुसऱ्या टोकाखाली एकावर एक तीन विटा. वरून लोखंडी गोळी सोडायची. सर टाळी वाजवणार, आम्ही फळीच्या कडेला उकिडवे बसून प्रत्येक टाळीला गोळी जिथे असेल तिथे खडूने खूण करणार. पहिल्या सेकंदात गोळी जेवढं अंतर जाते त्याच्या तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. चौथ्या टाळीला गोळी बरोबर फळीच्या शेवटाला. उतार जपून ठेवलेला असल्यामुळे दर वर्षी हेच आकडे यायचे, आणि सरांच्या एका जाड वहीत ते वर्षावर्षाने नोंदलेले होते. मी खुणांमधली अंतरं पट्टीने मोजली, भागाकार केला, आणि एक, तीन, पाच, सात असं माझ्या स्वतःच्या अक्षरात वहीवर उतरलं. मला भरून आलं. येवल्याच्या एका मुलीने खडूने केलेल्या खुणांत हे असं काही लपलेलं असतं, यावर विश्वास बसेना. मी त्याच दिवशी ठरवलं, आपण हेच शिकायचं आणि हेच शिकवायचं.

बनवलेलं रीडिंग त्यांना अजिबात खपत नसे. चुकलेलं चालेल. एकाने पुस्तकातला आकडा दशांशासकट वहीत उतरवला होता. सरांनी वहीवर लाल पेनाने लिहिलं, "हे जगात घडलेलं नाही." तो मुलगा आज मोठा बिल्डर आहे आणि ती वही त्याने अजून ठेवली आहे, असं तो भेटेल त्याला सांगत असतो.

मी एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात लागले तेव्हा काळ बदललेला होता. मुलं अकरावीपासूनच खासगी क्लासला जात, प्रवेशपरीक्षेची तयारी करत. कॉलेजात फक्त नाव. सरांच्या तासाला साठातले नऊ-दहा बाकावर असत. जूनमधली चाचणी त्यांनी बंद केली होती. मी विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या बाकांसमोर काय वाजवायचं?" घरचा रेडिओही बिघडून माळ्यावर गेला होता. म्हणजे टाळी तपासायची दोन्ही ठिकाणं संपली, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता देवरामबद्दल सांगायला हवं. देवराम आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, पेठकडच्या डोंगरातला, चाळिशीला आलेला. फळी पुसणं, विटा लावणं, गोळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवणं ही त्याची कामं. अकरा वर्षं तो हंगामी होता. दर जूनला नवा कागद, एप्रिलमध्ये खंड, मग पुन्हा जून. शाळेत आठवीपर्यंतच गेलेला, पण सरांचा एकच धडा इतक्या वेळा कानावर पडलेला की एखाद्या मुलाने शून्य न सांगता आकडा सांगितला की देवराम मागच्या दारातून हळूच म्हणायचा, "आधी शून्य." सरांनाही त्याचा अभिमान होता. डब्यातली अर्धी भाजी रोज त्याच्याकडे जायची.

सर बदलत होते ते आमच्या डोळ्यांसमोर, आणि आम्ही प्रत्येक बदलाला काहीतरी कारण शोधून मोकळे होत होतो. फळ्यावरचं अक्षर बारीक होत गेलं. आम्ही म्हटलं, खडू वाचवतात. बोलणं हळू आवाजात व्हायला लागलं. आम्ही म्हटलं, वर्ग रिकामा, ओरडायचं कोणासाठी. चालताना उजवा हात हलेनासा झाला. त्याला तर आम्ही कारणही शोधलं नाही.

मग सिंहस्थ आला. त्याआधी शहरभर रस्ते खोदले, रुंद केले, नवे दुभाजक घातले. सरांनी महापालिकेला पत्र लिहिलं. रुंदीकरणाच्या कामात आमचा रस्ता लांबीलाही वाढला आहे. पूर्वी अठराशे पावलं भरत असे, आता दोन हजार चाळीस भरतो. कृपया चौकशी व्हावी. आणि चौकशी झाली! एक तरुण इंजिनिअर टेप घेऊन आला. भर उन्हात त्याने सरांच्या फाटकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत रस्ता मोजला, घाम पुसत म्हणाला, "सर, साडेतेराशे मीटरच आहे." सर त्याच्या टेपकडे बघत म्हणाले, "उन्हाने ताणली आहे." बिचारा नमस्कार करून गेला.

स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "सरांना प्रवासभत्ता वाढवून द्या," कोणीतरी म्हणालं. "गोदावरी लांब सरकली का तेही बघा," दुसरं कोणी म्हणालं. मीही हसले. चांगली पोट धरून हसले. ज्या माणसाने मला मोजायला शिकवलं त्याची मोजणी चुकते आहे, याचा अर्थ काय असेल हे मला विचारावंसं वाटलं नाही.

विटांचं प्रकरण त्यानंतरचं, पुढच्या पावसाळ्यातलं. सर मुलांना उताराची उंची मोजायला सांगत नसत, ती ठरलेली होती. एका मुलीने हौसेने मोजली आणि विचारलं, "सर, वहीत बावीस सेंटिमीटर आहे, इथे तर साडेचौदाच आहे." सर वाकले. फळीच्या खाली दोनच विटा होत्या.

मुलं गेल्यावर त्यांनी देवरामला बोलावलं. मी शेजारच्या टेबलावर वह्या तपासत होते.

"देवराम, विटा किती आहेत?"

"दोन, सर."

"किती हव्यात?"

"तीन."

"तिसरी कोणी काढली?"

"मीच काढली, सर."

"कधी?"

"झालं दीड वरीस."

"का काढलीस?"

देवराम पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

"दीड वर्षाची रीडिंगं खोटी झाली, कळतंय का तुला? दीड वर्ष मुलं इथून खोटं शिकून गेली. का काढलीस?"

"चुकलं, सर," देवराम म्हणाला.

सरांनी स्वतःच्या हाताने तिसरी वीट परत लावली. हात थरथरत होता. मला वाटलं, रागाने. गोळी सोडली, टाळ्या सुरू केल्या. तिसऱ्या टाळीच्या पाठोपाठ गोळी फळी सोडून फरशीवर आदळली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. चौथी टाळी वाजली तेव्हा फळीवर काहीच नव्हतं. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "फळीही घासलीस का?" त्यांनी विचारलं. देवराम गोळी काढायला कपाटाखाली वाकला.

त्याच आठवड्यात देवरामच्या कायम होण्याची फाईल संस्थेकडे जायची होती. अकरा वर्षांनी. सोमवारी बैठक आणि तिच्यात विभागप्रमुखांचा शेरा हवा. सर विभागप्रमुख. त्यांनी प्राचार्यांकडे शेरा लिहून दिला: सदर कर्मचारी उपकरणांमध्ये फेरफार करतो, प्रयोगशाळेत ठेवण्यास योग्य नाही. सरांचा शब्द म्हणजे शब्द. ज्याने आयुष्यात आकडा बनवला नाही त्याच्या शेऱ्यावर कोण शंका घेणार? देवराम कायम तर होणार नव्हताच, आहे ते कामही जाणार होतं. दोन मुली नाशकात शाळेत होत्या त्याच्या.

मला काही पटेना. देवराम गोळीला तेल लावताना देवाची मूर्ती पुसावी तसा जपून पुसायचा, तो फळी कशाला घासेल? शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना मी तीन विटा लावल्या आणि स्टॉपवॉच घेऊन गोळी सोडली. चार सेकंद. पुन्हा सोडली. चारच. दहा वेळा सोडली, दहाही वेळा चारच्या आसपास. फळी तीच होती, गोळी तीच, उतारही तोच. बदलण्यासारखं आता एकच काही उरलं होतं.

सांगावं की नाही, यावर मी एक दिवस काढला. न सांगितलं तर देवराम गेला. सांगितलं तर सर. प्राचार्यांना परस्पर सांगता आलं असतं, पण सरांच्या पाठीमागे त्यांच्या टाळीबद्दल बोलायला जीभ रेटेना. शनिवारी चारच्या सुमारास सर प्रयोगशाळेत एकटे होते. मी गेले.

"सर, फळी बरोबर आहे."

"कशावरून?"

"स्टॉपवॉचने दहा वेळा घेतलं. तीन विटांवर चार सेकंदच लागतात."

पुढचं मला बोलावं लागलंच नाही. त्या खोलीत सगळ्यात हुशार माणूस तेच होते.

"म्हणजे चूक टाळीत आहे," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"किती?"

"मोजलं नाही, सर."

"न मोजता बोलतेस? घड्याळ काढ."

ते वळले, फळ्याकडे तोंड केलं आणि टाळ्या वाजवायला लागले. मी मागे उभी. साठाव्या टाळीला बघितलं तर चौऱ्याहत्तर सेकंद. मी आकडा सांगितला. "पुन्हा," ते म्हणाले. त्र्याहत्तर. "पुन्हा." पंचाहत्तर. तीन रीडिंगं त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिली, इतक्या बारीक अक्षरात की मला जवळ जाऊन वाचावी लागली. सरासरी चौऱ्याहत्तर.

"माझा सेकंद एक पूर्णांक तेवीसचा झालाय," ते म्हणाले. "अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं, तेव्हा वर्ग कर."

"दीड, सर. दीडच्या जरा वर."

"तीनला दीडने भाग."

मला भागायला वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे आकडा धूसर झाला होता. "दोन."

"दोन विटा," सर म्हणाले. "माझ्या टाळीला दोन विटांचाच उतार हवा. तेव्हाच चौथ्या टाळीला गोळी टोकाला पोचते आणि वहीत दर वर्षीचेच आकडे येतात. बरोबर लावल्या होत्या त्याने." मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, फळ्याशी बोलल्यासारखे म्हणाले, "त्याला दीड वर्षापूर्वी कळलं. तुला काल कळलं."

मला वाटलं, संपलं. पण ते अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खडू उचलला आणि बाहेर व्हरांड्यात आले. फरशीवर रेघ मारली, तिच्यामागे उभे राहिले आणि वीस पावलं चालले. नेहमीसारखं, समोर बघत. विसावं पाऊल पडलं तिथे मी खूण केली आणि टेप लावली. पंधरा मीटर भरायला हवं होतं. तेरा मीटर वीस सेंटिमीटर भरलं.

"सहासष्ट सेंटिमीटर," मी म्हणाले.

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असावा. ओठ हलत होते. महापालिकेच्या त्या घामाघूम इंजिनिअरचा विचार त्यांच्या मनात आला की नाही, माहीत नाही. ते खाली फरशीवर बसले, व्हरांड्याच्या खांबाला टेकून, आणि म्हणाले, "रस्ता तेवढाच होता तर."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी बाद झाला म्हणून आरडाओरडा चालला होता. बऱ्याच वेळाने सर उठले, आत गेले आणि फळा पुसून आले.

सोमवारी सकाळी त्यांनी प्राचार्यांकडून आपला शेरा परत मागून घेतला आणि दुसरा लिहिला. त्यात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण देवराम कायम झाला. शिल्लक दीड वर्ष सोडून सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. डॉक्टरांकडे गेल्यावर कंपवात निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, एकच गोष्ट मनापासून करा, रोज चाला, जमेल तितकं चाला.

आणि तेच त्यांनी सोडलं. मी दिवाळीनंतर भेटायला गेले तर ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, एक हात दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरलेला. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत गं. म्हणतात, ज्या मापाचा भरवसा नाही ते वापरायचं कशाला? रस्ता वाढलाय म्हणत होते तोवर निदान चालत तरी होते." त्यांच्या बोलण्यात मला बोल लावायचा हेतू नव्हता. मला लागला.

मी बाहेर येऊन सरांना म्हटलं, "सर, माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चला. मोजायचं नाही. नुसतं चालायचं."

"नुसतं कसं चालतात?" त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू बरोबर मोजलंस." त्यांनी मला रागवायला हवं होतं. मी ते सहन केलं असतं.

वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यानंतर दोन पावसाळे काढून ते गेले. अंत्ययात्रेला कॉलेजातले आम्ही सगळे होतो. देवराम खांद्याला होता. अमरधामला पोचेपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही.

परत येताना आम्ही दोघं रिक्षात होतो. अकरा वर्षं हंगामी राहिलेला हा माणूस एव्हाना चांगला कायम झालेला, मोठी मुलगी कॉलेजात जायला लागलेली. माझ्या मनात तीन वर्षं जे होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "देवराम, त्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा एका शब्दाने सांगायचं होतंस, टाळी लांबली म्हणून वीट काढली. तुझी नोकरी जाणार होती रे."

देवराम बाहेर बघत होता. "टाळी लांबायला लागली तवा आधी तिसरी वीट काढून दोन कौलं ठिवली," तो म्हणाला. "आजून लांबली तसं येक कौल काढलं. मग दुसरं काढलं. पोरान्ला कळाया नको, सरान्ला कळाया नको, येवढंच बघत व्हतो. रिटायर व्हयाला थोडंच राह्यलं व्हतं. तेवढं निघालं आसतं."

"पण तू घरी बसला असतास."

"मॅडम, तुमच्यावर राग नाय माझा. तुम्ही माझ्यासाठीच केलं, ते मला कळतं." रिक्षा सिग्नलला थांबली. त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण नोकरी गेली आसती तर मी गावी भात लावला आसता. नाय तर दिंडोरीला द्राक्षाच्या बागत गेलो आसतो. मला धा कामं येत्यात. सरान्ला येकच येत व्हतं."